शकुंतला का थांबली? यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर रेल्वेची गोष्ट, आणि तिच्या रिकाम्या पट्टीचा प्रश्न

धामणगाव रेल्वे : मुंबई किंवा नागपूरची गाडी यायची वेळ झाली की धामणगावच्या स्टेशनसमोर यवतमाळच्या गाड्या लागतात. एस.टी., काळीपिवळी, खाजगी गाड्या. बॅगा उतरतात, माणसं फलाटाकडे पळतात. यवतमाळसारख्या जिल्ह्याच्या गावाचा माणूस रेल्वेसाठी दुसऱ्या जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी येतो, याचं आपल्याला आता काही वाटत नाही. इतकी वर्षं हेच पाहत आलो.

नवीन पिढीला तर वाटतं की यवतमाळला रेल्वे कधी नव्हतीच. पण होती. शंभर वर्षांच्या आसपास होती. तिलाच लोक शकुंतला म्हणतात. ती गाडी आता थांबली आहे, रुळांवर गवत आणि बाभळी आहेत, आणि ब्रॉडगेज होणार, होणार, असं ऐकत एक पिढी म्हातारी झाली. ही लाईन कोणी टाकली, कशासाठी टाकली आणि बंद का पडली, हे नीट समजून घेतलं तर पुढे काय मागायचं तेही कळेल. म्हणून हा लेख.

लाईन कुठून कुठे होती?

मधोमध मूर्तिजापूर जंक्शन. तिथून दोन फाटे. एक फाटा दक्षिण-पूर्वेला कारंजा, दारव्हा करत यवतमाळला जायचा. लांबी ११३ किलोमीटर. दुसरा फाटा उत्तरेला दर्यापूर (बनोसा), अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जायचा. लांबी ७६ किलोमीटर. दोन्ही मिळून १८९ किलोमीटर. आजच्या हिशेबाने अकोला, वाशीम, यवतमाळ आणि अमरावती असे चार जिल्हे या एका लहानशा गाडीने जोडले होते.

आता नकाशा डोळ्यासमोर आणा. यवतमाळहून धामणगाव सरळ उत्तरेला आहे. इंग्रजांच्या काळच्या गॅझेटिअरमध्ये हे अंतर २९ मैल, म्हणजे सेहेचाळीस-सत्तेचाळीस किलोमीटर दिलं आहे. आणि यवतमाळच्या माणसाला शकुंतलेने नागपूरला जायचं असेल तर? आधी ११३ किलोमीटर उलट दिशेने मूर्तिजापूरला जायचं. तिथे गाडी बदलायची. मग बडनेरा, चांदूर रेल्वे करत ऐंशीच्या वर किलोमीटर परत पूर्वेकडे यायचं, तेव्हा कुठे धामणगाव लागतं. म्हणजे दिवसभर फिरून माणूस घरापासून सत्तेचाळीस किलोमीटरवर येऊन पोचला. नागपूर अजून पुढेच.

असं उफराटं काम कोणी केलं? उत्तर सोपं आहे. ही लाईन माणसासाठी टाकलेलीच नव्हती. ती कापसासाठी होती, आणि कापसाला नागपूरला जायचं नव्हतं. त्याला मुंबईला जायचं होतं. मूर्तिजापूरकडे जाणारी प्रत्येक गठाण मुंबईच्या दिशेनेच सरकत होती.

कापूस आणि रेल्वे

वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलं. त्यानंतर दहा वर्षांच्या आतच, १८६१ ते १८६५, अमेरिकेत यादवी युद्ध झालं. तिकडचा कापूस बंद झाल्यावर मँचेस्टरच्या गिरण्यांना इकडच्या कापसाची गरज पडली. नेमकी त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजे जी.आय.पी., भुसावळहून नागपूरकडे रूळ टाकत होती. १८६७ मध्ये ती नागपूरला पोचली. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव, पुलगाव ही स्टेशनं याच रस्त्यावरची. धामणगावच्या नावापुढे रेल्वे लागलं ते उगीच नाही. गावाची बाजारपेठ, जिन, अडत, सगळं स्टेशनभोवती वाढलं.

पण मुख्य लाईन म्हणजे एक दोरी झाली. दोरीपासून वीस-पंचवीस कोसांवरच्या वावरातला कापूस स्टेशनवर आणायचा कसा? बंडीने. पावसाळी चिखलात चाक रुतलं की खोळंबा. दिवाळीनंतर बंड्यांची रांगच रांग. म्हणून मुख्य लाईनला फाटे काढायची कल्पना निघाली. खामगावचा फाटा १८७० मध्ये सुरू झाला तो त्याच हिशेबाने.

यात एक गोष्ट शेतकऱ्याला लगेच कळेल. एक क्विंटल कापसातून रुई निघते साधारण तेहतीस-पस्तीस किलो. बाकी सरकी. कापूस तसाच्या तसा लांब नेणं म्हणजे दोन हिस्से सरकी वाहून नेणं. त्यामुळे जिन वावराच्या जितका जवळ तितका फायदा. जिनमध्ये सरकी वेगळी करायची, रुई दाबून पावणेदोन क्विंटलच्या आसपासची गठाण बांधायची आणि ती रेल्वेत टाकायची. कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगाव इथे कापसाचे बाजार होते, जिनिंग-प्रेसिंग होतं, आणि लाईन या सगळ्यांना शिवत गेली.

लहान रूळ का टाकले?

मुख्य लाईनचे रूळ एकमेकांपासून १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. त्याला ब्रॉडगेज म्हणतात. शकुंतलेचे रूळ ७६२ मिलिमीटर, म्हणजे अडीच फूट. हे नॅरोगेज. निम्म्यापेक्षाही कमी.

लहान रुळाचा फायदा खर्चात. मातीचा भराव अरुंद चालतो, पूल हलका चालतो, वळण तीव्र घेता येतं, त्यामुळे टेकडी फोडण्याऐवजी वळसा घालून जाता येतं. डबे आणि इंजिन लहान. जमीनही कमी लागते. थोड्या भांडवलात जास्त किलोमीटर होतात. कापूस वर्षातून चार-पाच महिने येणार, बाकी काळ गाडी अर्धी रिकामी. अशा ठिकाणी कोणताही व्यापारी स्वस्तातलंच काम करणार.

पण स्वस्तपणाची एक किंमत असते. नॅरोगेजचा डबा ब्रॉडगेजच्या रुळावर चढत नाही. म्हणून मूर्तिजापूरला प्रत्येक गठाण लहान डब्यातून उतरवून मोठ्या डब्यात भरावी लागे. दुहेरी हमाली, दुहेरी वेळ, आणि मध्ये पाऊस आला तर भिजण्याचं भेव. जोपर्यंत समोर फक्त बंडीच होती तोपर्यंत हे खपून गेलं.

मालक कोण, चालवणार कोण

इथे या गोष्टीतली खरी गाठ आहे. मुंबईत १८५७ पासून व्यापार करणारी किलिक निक्सन नावाची ब्रिटिश पेढी होती. तिने १९१० मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली. १९०३ मध्ये वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलं गेलं होतं, त्यामुळे वऱ्हाडातल्या रेल्वेला मध्य प्रांताचं नाव. रूळ, जमीन, स्टेशनं कंपनीच्या खात्यावर. पण गाडी कंपनीने स्वतः चालवली नाही. ते काम कराराने जी.आय.पी.कडे दिलं. जी.आय.पी. गाडी चालवणार आणि कमाईतला ठरलेला हिस्सा कंपनीला देणार.

आपल्याकडे बटईने वावर करतात, तसाच हा प्रकार. वावर एकाचं, वाहणारा दुसरा.

स्वातंत्र्यानंतर देशातल्या रेल्वे सरकारजमा झाल्या. जी.आय.पी. आणि इतर काही रेल्वे मिळून ५ नोव्हेंबर १९५१ ला मध्य रेल्वे झाली. पण ही लहान लाईन त्या व्यवहारात आली नाही. कंपनीची मालकी तशीच राहिली, फक्त बटईदार बदलला. जी.आय.पी.च्या जागी मध्य रेल्वे आली. भारत सरकारची रेल्वे एका खाजगी कंपनीच्या रुळावर गाडी चालवते आणि तिला पैसे देते, असा हा देशातला वेगळाच नमुना. इंग्रज गेले तरी शकुंतला इंग्रजांचीच, असं जे लोक म्हणतात ते यावरून. पुढे किलिक निक्सन भारतीय हाती आली, पण करार जुनाच.

आता बटईच्या वावराचं काय होतं ते कोणत्याही शेतकऱ्याला विचारा. मालक म्हणतो, पीक तू घेतो, बांध तूच घाल. बटईदार म्हणतो, वावर तुझं, बांधाला पैसा मी कायले लावू? आणि बांध वाहून जातो. शकुंतलेचं असंच झालं. स्लीपर कुजले, गिट्टी मातीत गेली, पूल जुने झाले, गाडीचा वेग कमी करत करत ताशी वीस-पंचवीस किलोमीटरवर आणला. सरकारला लाईन विकत घेता आली असती, तशी मागणीही अनेक वेळा झाली. पण तोट्यातली लाईन घ्यायची घाई कोणालाच नव्हती. दुसऱ्या बाजूला, लाईन आपली नाही म्हणून तिच्यावर मोठा पैसा लावायला रेल्वेही तयार नव्हती. दोन्ही कारणं एकमेकांना खत-पाणी देत राहिली.

गाडी कशी चालायची

या लाईनवर मँचेस्टरमध्ये १९२१ साली बनलेलं वाफेचं इंजिन १९२३ पासून चाललं. वर्ग झेडडी. सत्तर वर्षं त्याने डबे ओढले. १५ एप्रिल १९९४ ला ते थांबवून डिझेल इंजिन लावलं. एकाच इंजिनाने आजा, बाप आणि नातू तिघांनाही बाजाराला नेल्याची उदाहरणं या पट्ट्यात घरोघर आहेत.

शेवटच्या काळात थोडकी माणसं सगळा कारभार सांभाळत. तिकीट गाडीतलाच माणूस देई, सिग्नलचं कामही तेच बघत, इंजिन जोडणं-सोडणं हातानेच. बऱ्याच स्टेशनांवर कर्मचारी उरलाच नव्हता. फाटक आलं की गाडी थांबायची, माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पलीकडे गेली की परत उघडायचा आणि धावत येऊन बसायचा. त्यावर लोक हसायचे. पण ही गाडी गरिबाला परवडायची. भाजीच्या टोपल्या, दुधाच्या कॅना, शाळेची पोरं, दवाखान्यात चाललेली म्हातारी, मजुरीला निघालेल्या बाया, यांच्यासाठी तिकीट एस.टी.च्या मानाने फारच थोडं होतं. घड्याळ पाहणारा माणूस केव्हाच जीपमध्ये बसला होता. ज्याच्याजवळ वेळ आहे आणि पैसा नाही, तो शकुंतलेत राहिला.

मग बंद का पडली?

एका वाक्यात सांगायचं तर आधी गठाण गेली, मग माणूस एकटा पडला.

रस्ते डांबरी झाले, ट्रक आले. ट्रक जिनच्या दारात उभा राहतो, गठाण भरतो आणि थेट गिरणीच्या किंवा बंदराच्या दारात उतरवतो. मधे मूर्तिजापूरची दुहेरी हमाली नाही. एकदा हा हिशेब व्यापाऱ्याला कळल्यावर लहान रुळाची मालगाडी टिकणार नव्हती. मालाचं उत्पन्न गेलं आणि उरलं ते स्वस्त तिकिटाचं. त्यात खर्च निघत नाही. खर्च निघत नाही म्हणून दुरुस्ती नाही. दुरुस्ती नाही म्हणून वेग नाही. वेग नाही म्हणून प्रवासी कमी. हे चक्र वरची मालकीची गाठ सुटली असती तर कदाचित तोडता आलं असतं.

१९९२ पासून रेल्वेने देशभर सगळे लहान-मधले रूळ ब्रॉडगेज करायचं धोरण घेतलं. मीटरगेजच्या मोठमोठ्या लाईनी बदलल्या. शकुंतलेचा नंबर लागला नाही, कारण दुसऱ्याच्या मालकीच्या रुळावर सरकारी पैसा कसा लावायचा हा प्रश्न होताच. २०१६ मध्ये, सुरेश प्रभू रेल्वेमंत्री असताना, ही लाईन ब्रॉडगेज करण्याचं सुमारे १,५०० कोटींचं काम मंजुरीपर्यंत गेल्याचं जाहीर झालं. पेढे वाटले गेले. त्याच दशकात यवतमाळकडची गाडी थांबली. अचलपूरकडची काही काळ चालली, मग तीही थांबली. अचलपूर-अंजनगाव भागातल्या लोकांनी सत्याग्रह केले, निवेदनं दिली. रुळावर मात्र गाडी परत आली नाही.

दोन बहिणी आधीच गेल्या

याच कंपनीच्या आणखी दोन लाईनी होत्या. एक आपल्या शेजारची. धामणगावहून पूर्वेला निघालं आणि वर्धा नदी ओलांडली की पुलगाव. तिथून आर्वीपर्यंत ३५ किलोमीटरची लहान लाईन होती, १९१७ मधली. विरूळ, रोहणा ही तिच्यावरची गावं. ती शकुंतलेच्याही आधी बंद पडली. दुसरी दारव्ह्याहून पुसदला जाणारी. तिचे तर रूळच उखडून नेले. पुसदच्या आजच्या पोराला आपल्या गावात कधी रेल्वे होती हे सांगितलं तर तो हसतो.

दुसरीकडे काय केलं?

बंद पडलेल्या लहान लाईनींचा प्रश्न फक्त वऱ्हाडचा नाही. इंग्रजांच्या स्वतःच्या घरीही हेच झालं. १९६३ मध्ये बीचिंग नावाच्या अधिकाऱ्याचा अहवाल आला आणि तोट्याच्या नावाखाली ब्रिटनमधल्या हजारो किलोमीटर लाईनी बंद झाल्या. वेल्स हा तिथला डोंगराळ, शेती-मेंढपाळीचा भाग. तिथल्या कार्मार्थेन ते ॲबरिस्टविथ या नव्वदेक किलोमीटरच्या लाईनवरची प्रवासी गाडी १९६५ मध्ये बंद झाली. गंमत म्हणजे दुधाची गाडी काही भागावर १९७३ पर्यंत चालली. म्हणजे तिथेही माणसापेक्षा माल जास्त दिवस टिकला. आज उत्तर-दक्षिण जायचं तर तिथल्या लोकांनाही यवतमाळकरासारखाच मोठा फेरा पडतो, आणि ती लाईन परत टाका ही मागणी अजून चालू आहे. मधल्या काळात भरावाची जमीन ठिकठिकाणी विकली गेली, काही पूल गेले. त्यामुळे परत टाकणं महाग झालं.

त्याच वेल्समध्ये टॅलिलिन नावाची दगडाच्या खाणीची लहान लाईन १९५१ मध्ये हौशी लोकांनी मिळून स्वतः चालवायला घेतली. आज ती पर्यटकांवर चालते. आपल्याकडे नेरळ-माथेरानची गाडी २०१९ च्या पावसात रूळ वाहून गेल्याने बंद पडली होती, ती २०२२ मध्ये दुरुस्त करून सुरू केली. पण माथेरानला पर्यटक आहे. कारंजा-दारव्हा पट्ट्यात पर्यटकावर गाडी चालेल असं समजणं म्हणजे स्वतःची समजूत काढणं आहे. इथे गाडी लागते ती बाजारासाठी, कॉलेजसाठी, दवाखान्यासाठी.

वेल्सच्या गोष्टीतून आपल्याला एकच घ्यायचं. पट्टी हातची जाऊ द्यायची नाही. रूळ परत टाकता येतात. सलग जमीन परत मिळत नाही.

आता पुढे काय?

यवतमाळला रेल्वे येतेच आहे, पण वेगळ्या बाजूने. वर्धा-यवतमाळ-नांदेड ही २८४ किलोमीटरची नवी ब्रॉडगेज लाईन. तिच्यातला वर्धा ते कळंब हा पहिला तुकडा २८ फेब्रुवारी २०२४ ला पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झाला. देवळी, भिडी करत गाडी कळंबला येते. पुढे ती यवतमाळ, दारव्हा, दिग्रस, पुसद करत नांदेडकडे जायची आहे. म्हणजे ज्या दारव्हा-पुसदचे रूळ एकदा उखडले, तिथे परत रूळ. ही चांगली गोष्ट आहे. धामणगावकरांनीही समजून ठेवावं की ही लाईन यवतमाळला पोचली की आपल्या स्टेशनसमोरची यवतमाळची गर्दी कमी होईल. ऑटोवाले, काळीपिवळीवाले, हॉटेलवाले यांनी त्याचा विचार आतापासून करायला हवा.

पण नव्या लाईनने शकुंतलेचा प्रश्न सुटत नाही. कारंजा, दर्यापूर, अंजनगाव, अचलपूर या गावांना ती शिवत नाही. त्यांच्यासाठी जुनी पट्टीच आहे. आणि ब्रॉडगेजची मागणी करताना या गावांनी तीन गोष्टी सोबतच मागाव्यात असं वाटतं.

पहिली, मालकीचा आणि कराराचा निकाल लोकांना कागदावर दाखवा. ही गाठ सुटल्याशिवाय बाकी घोषणांना अर्थ नाही.

दुसरी, लहान गावांचे थांबे. शकुंतला लहान लहान गावांतही थांबायची. ब्रॉडगेजची गाडी तशी थांबत नाही. ज्या गावाची जमीन पट्टीत गेली, त्याच्या अंगावरून फक्त हॉर्न वाजवत गाडी जाणार असेल तर त्या गावाला रेल्वेचा काय उपयोग? थांबे नकाशा पक्का होण्याआधीच मागावे लागतात, नंतर निवेदनांचा ढीग होतो.

तिसरी, पांदण रस्ते. लहान रूळ बंडी-बैल कुठूनही ओलांडत होते. नव्या लाईनवर रेल्वे फाटक ठेवत नाही, खालून बोगदा देते. पावसाळ्यात त्या बोगद्यात कमरेइतकं पाणी साचलं की पलीकडचं वावर चार महिने तुटतं. ऐन फवारणीच्या आणि वेचणीच्या दिवसांत ट्रॅक्टर नेणार कुठून? ग्रामसभेने आपल्या शिवारातला प्रत्येक ओलांडा आत्ताच मोजून, नकाशावर दाखवून ठराव घेऊन ठेवावा.

शंभर वर्षांपूर्वी ही लाईन आखताना वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोणी विचारलं नव्हतं. विचारलं होतं ते मुंबईच्या कापूस बाजाराला. म्हणून तिचं तोंड मूर्तिजापूरकडे झालं आणि यवतमाळचा माणूस शंभर वर्षं धामणगावच्या फलाटावर येत राहिला. आता नवी आखणी होईल तेव्हा कारंजा, दारव्हा, दर्यापूर, अंजनगावच्या ग्रामसभांचे ठराव टेबलावर असले पाहिजेत. नाही तर पुन्हा लाईन येईल, आणि पुन्हा ती दुसऱ्याच कोणाच्या सोयीची असेल.